ऑटोमॅटिक इन्सुलिन पंप घ्यावा का? टाइप १ मधुमेही मुलाच्या आईला सविस्तर उत्तर

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा ११ वर्षांचा, चार वर्षांपासून टाइप १ मधुमेह, दिवसाला चार इंजेक्शनं, शेवटचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ८.९. रात्री दोनदा उठून त्या मुलाचं बोट टोचून शुगर बघतात. डॉक्टरांनी ऑटोमॅटिक इन्सुलिन पंप सुचवला आहे. तो लावला की टोचणं, मोजमाप, जागरणं सगळं संपेल का, आणि त्यासाठी कर्ज काढावं का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी सरळ उत्तर देते. जागरणं बरीच कमी होतील. जेवणाचं मोजमाप मात्र संपणार नाही. कर्जाचा निर्णय पंपाच्या किमतीकडे बघून घेऊ नका. दर महिन्याला जे सामान विकत घ्यावं लागतं त्याचा हिशेब आधी करा. मी मुलांच्या मधुमेहाच्या क्लिनिकमध्ये डायबेटिस एज्युकेटर म्हणून काम करते. पंप लावलेली मुलं आणि त्यांचे आईबाप माझ्यासमोर रोज बसतात. कुणाचं छान चालतं आणि कुणाचं बिनसतं हे बघून सांगते, यंत्राच्या जाहिरातीवरून नाही.

'ऑटोमॅटिक' म्हणजे नेमकं किती, इथून सुरुवात करू. आपल्याकडे मुलांच्या कमरेला मला बहुतेक वेळा जे यंत्र दिसतं ते मेडट्रॉनिकचं मिनिमेड ७८०जी, म्हणून त्याचंच उदाहरण घेते. त्यात पंप असतो, मुठीत मावेल एवढा. आत ३ मिलीची नळकांडी (रिझर्व्हायर), म्हणजे ३०० युनिट इन्सुलिन. तिथून एक बारीक नळी पोटावर किंवा मांडीवर लावलेल्या सेटपर्यंत जाते आणि त्या सेटची कॅन्युला, म्हणजे छोटी मऊ नळी, कातडीखाली राहते. दंडावर वेगळा सेन्सर असतो. तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजून दर पाच मिनिटांनी आकडा पंपाला पाठवतो. पंपातलं गणित त्या आकड्यावरून ठरवतं की पुढच्या पाच मिनिटांत किती इन्सुलिन सोडायचं, की थांबवायचं. शुगर चढत असेल तर थोडं जास्त, उतरत असेल तर कमी, फार वेगाने उतरत असेल तर बंद. तुमच्या शेतात ठिबक असेल तर हे लगेच लक्षात येईल: सतत थेंब थेंब, आणि ओल बघून कमी-जास्त. या सतत चालणाऱ्या इन्सुलिनला बेसल म्हणतात. जेवणासाठी एकदम द्यायचं ते बोलस. यंत्र बेसल स्वतः सांभाळतं आणि शुगर वर गेली तर छोटे करेक्शन बोलसही स्वतः देतं. जेवणाचा बोलस माणसालाच द्यावा लागतो. म्हणून याला हायब्रिड क्लोज्ड लूप म्हणतात. या जातीचं पहिलं यंत्र, मिनिमेड ६७०जी, अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. ७८०जी ला युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना नीट समजावून सांगा. पंपाने मधुमेह बरा होत नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी गेल्या त्या गेल्याच. हे यंत्र त्यांचं काही काम बाहेरून करतं. आजी-आजोबांना हे स्पष्ट सांगितलं नाही तर 'एवढे पैसे घालून पण पोराला टोचावं लागतंयच' हे वाक्य वर्षभर ऐकावं लागतं. त्याचा त्रास आईला होतो आणि मुलालाही.

आता रात्रीबद्दल. पंपाचा सगळ्यात मोठा फायदा मला रात्रीच दिसतो. झोपेत जेवण नसतं, खेळ नसतो, शाळेतली धावपळ नसते, त्यामुळे यंत्राला आकडा धरून ठेवणं सोपं जातं. तुमचा मुलगा ११ वर्षांचा आहे, म्हणजे वाढीची हार्मोन्स सुरू होण्याचं वय. ही हार्मोन्स मुख्यतः रात्री आणि पहाटे काम करतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. त्यामुळे या वयात पहाटे ३ नंतर शुगर चढत जाते आणि सकाळी २२०-२५० दिसते. लांब पल्ल्याचं इन्सुलिन एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही. पहाटेची चढण थांबवायला ते वाढवलं तर रात्री १ वाजता शुगर ६० होते. म्हणूनच तुम्ही दोनदा उठता. पंप १ वाजता इन्सुलिन बंद ठेवू शकतो आणि ४ वाजता वाढवू शकतो. पंप लावल्यावर आया मला पहिल्यांदा सांगतात ते त्यांच्या स्वतःच्या झोपेबद्दल.

तरी अलार्म वाजतील. शुगर खूप उतरली, सेन्सर सुटला, नळीत अडथळा आला, बॅटरी संपत आली, तर उठावंच लागेल. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे अलार्म नको इतके वाजतात, कारण सेटिंग बसायला वेळ लागतो. शिवाय नवीन पंप लावल्यावर पहिले ४८ तास तो ऑटो मोडमध्ये जातच नाही. साध्या पंपासारखा चालतो आणि तुमच्या मुलाला रोज किती इन्सुलिन लागतं ते गोळा करतो. त्या दोन दिवसांत 'यंत्र बिघडलंय' असं समजून काढून टाकू नका.

जेवणाबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण पंप यशस्वी होतो की नाही ते मला ताटावरच ठरताना दिसतं.

कातडीखाली दिलेलं जलद इन्सुलिन काम सुरू करायला १० ते १५ मिनिटं घेतं, त्याचा जोर तास-दीड तासाने येतो आणि परिणाम तीन ते पाच तास राहतो. भात किंवा भाकरी त्याच्या आधी रक्तात पोचते. सेन्सरही रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. म्हणजे यंत्राला शुगर चढल्याचं उशिरा कळतं, आणि कळल्यावर दिलेलं इन्सुलिन आणखी उशिरा चालतं. जेवणाआधी बोलस दिला नाही तर यंत्र इन्सुलिन वाढवतं, पण शुगर बरीच चढण्याआधी तिला रोखू शकत नाही. गणित कितीही हुशार असलं तरी इन्सुलिनचा वेग तेवढाच राहतो. म्हणून ताट वाढायच्या आधी, साधारण १५ मिनिटं, कार्ब्ज, म्हणजे जेवणातला स्टार्च आणि साखर, मोजून तो आकडा पंपात टाकायचा. जेवणाच्या आधी शुगर ७०-८० असेल तर थांबायचं नाही, बोलस देऊन लगेच जेवायला बसायचं.

मोजायचं कसं? तुमच्याच घरचं ताट घेऊ. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण ७० ग्रॅम कार्ब्ज असतात. तुमची एक भाकरी ४० ग्रॅम पिठाची असेल तर तीत २८ ग्रॅम. दोन भाकऱ्यांचे ५६. सोबत पिठलं. पिठल्याला लोक 'डाळीचं आहे, प्रोटीन आहे' म्हणून सोडून देतात, पण बेसनात निम्म्याहून जास्त कार्ब्जच असतात. वाटीभर पिठल्यात २५ ग्रॅम बेसन गेलं तर १५ ग्रॅम धरा. शेवटी अर्धी वाटी भात, १४ ग्रॅम. झाले ८५. मुलाचं प्रमाण १ युनिटला १२ ग्रॅम असेल तर साधारण ७ युनिट. पंपात फक्त ८५ टाकायचं, भागाकार तो करतो. ठेचा, पालेभाजी, काकडी यांच्यासाठी डोकं शिणवू नका.

हे जमायला स्वयंपाकघरात एक साधा डिजिटल काटा लागतो. पीठ भिजवण्याआधी कोरडं तोला, भाकऱ्या किती झाल्या ते मोजा, भागा. आठ-दहा दिवसांत हाताला अंदाज येतो. आमच्याकडे एक आजी आहेत, त्या आता काट्याशिवाय ४० ग्रॅमचाच गोळा काढतात. मी स्वतः तोलून बघितलाय, एक-दोन ग्रॅम इकडे-तिकडे, बस.

सणवारांत मुलाला बाजूला बसवू नका. पंप असलेल्या मुलाने उकडीचा मोदक खावा, पुरणपोळी खावी, फक्त मोजून आणि बोलस देऊन. दोन गोष्टी लक्षात ठेवा. गुळाला साखरेइतकंच धरा. 'गूळ चालतो' हा समज आमच्याकडे येणाऱ्या घराघरांत आहे आणि तो चुकीचा आहे. दुसरं म्हणजे साबुदाणा. तो जवळजवळ सगळा स्टार्च आहे, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कार्ब्ज. खिचडीत वर शेंगदाण्याचा कूट आणि तूप असतं, त्यामुळे काही कार्ब्ज तीन-चार तासांनी रक्तात येत राहतात. इथे मात्र ऑटोमॅटिक पंप फार कामाचा. सुरुवातीचा बोलस तुम्ही दिलात की मागून येणारी चढण तो हळूहळू निस्तरतो. इंजेक्शनवर असताना एकादशीच्या दिवशी जी शुगर संध्याकाळपर्यंत ३०० वर राहायची, ती पंपावर दुपारीच खाली आलेली मी बघितली आहे.

बोलस द्यायचा विसरला तर काय, हा पुढचा प्रश्न. शाळेत हे होणारच. जेवून अर्धा तास झाला असेल तर आम्ही निम्मे कार्ब्ज टाकायला सांगतो. तासाहून जास्त झाला असेल तर काहीच टाकू नका, यंत्राला करू द्या. कारण तोपर्यंत त्याने शुगर चढलेली बघून स्वतःहून इन्सुलिन द्यायला सुरुवात केलेली असते. त्यावर तुम्ही पूर्ण बोलस दिलात तर दोन्ही मिळून दोन तासांनी मुलगा ५५ वर. तुमच्या डॉक्टरांनी यात थोडा फरक सांगितला असेल तर त्यांचं ऐका, पण हा नियम शाळेच्या डब्यावर चिकटवण्याइतका महत्त्वाचा आहे. आणि शुगर २५० दिसली म्हणून न खाल्लेले ३० ग्रॅम खोटे टाकून यंत्राकडून जास्तीचं इन्सुलिन काढायची सवय लावून घेऊ नका. मोठी मुलं हे एकमेकांकडून शिकतात. यंत्र रोजच्या एकूण इन्सुलिनवरून स्वतःचा अंदाज बांधतं. खोट्या आकड्यांनी तो बिघडतो, आणि लो होते ती वेगळीच.

लो शुगरची रीतही बदलते. इंजेक्शनवर तुम्ही १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी तपासत असाल. ऑटो मोडमध्ये पंपाने शुगर उतरताना बघून आधीच इन्सुलिन थांबवलेलं असतं. तेव्हा बहुतेक वेळा ५ ते १० ग्रॅम पुरतं, म्हणजे एक-दोन चमचे साखर पाण्यात. घाबरून वाटीभर दिलंत तर शुगर २०० वर जाते, यंत्र तिच्यावर इन्सुलिन देतं, पुन्हा खाली. रात्रभर हा झोका चालतो आणि दोष पंपाला मिळतो. शुगर ५४ च्या खाली असेल किंवा मुलगा गोंधळलेला वाटत असेल तर मात्र पूर्ण १५ ग्रॅम द्या, आणि बोट टोचून खात्री करून घ्या. मूल बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. त्या वेळी शुगर वाढवणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन हवं, नाहीतर थेट दवाखाना.

खेळासाठी ७८०जी मध्ये तात्पुरतं लक्ष्य १५० वर ठेवता येतं. ते मैदानावर पोचल्यावर लावून उपयोग नाही. एक-दोन तास आधी लावायचं.

पुढचे तीन मुद्दे काळजीचे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला, ताप. मेडट्रॉनिकच्या गार्डियन सेन्सरवर पॅरासिटामॉलचा परिणाम होतो. गोळी किंवा सिरप घेतल्यावर सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त शुगर दाखवू शकतो. साध्या सेन्सरवर हे झालं तर आकडा चुकतो एवढंच. ऑटो मोडमध्ये पंप तो आकडा खरा मानतो आणि त्यावर इन्सुलिन देतो. आपल्याकडे मुलाचं अंग तापलं की पहिल्यांदा हेच औषध दिलं जातं, शाळेतही देतात, शेजारची काकूही देते. म्हणून पंप लावायच्या दिवशीच डॉक्टरांना विचारून लिहून घ्या: तापात कुठलं औषध, पॅरासिटामॉल द्यावंच लागलं तर ऑटो मोड किती तास बंद, आणि तोवर बोट टोचून किती वेळाने तपासायचं. हा कागद शाळेतही द्या. सर्दी-तापाच्या बऱ्याच मिश्र सिरपांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

दुसरा, कॅन्युला. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. इंजेक्शनवर असताना लांब पल्ल्याचं इन्सुलिन अंगात साठा म्हणून असतं, पंपावर तो साठा नाही. कॅन्युला वाकली, सुटली, नळीत हवा राहिली, तर काही तासांत रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून होणारी आम्लं, तयार व्हायला लागतात. पंपावरच्या मुलांना कीटोअॅसिडोसिस (कीटोन फार वाढून जिवावर बेतणारी अवस्था) होतो तो बहुधा असाच. नियम असा पाठ करा: शुगर २५० च्या वर आहे आणि करेक्शन देऊन दीड-दोन तासांत उतरत नाही, किंवा मळमळ-उलटी आहे, तर पंपावर विसंबायचं नाही. बोट टोचून खात्री करा. कीटोन तपासा. करेक्शन पेनने किंवा सिरिंजने टोचा, पंपातून नको, कारण तीच वाट बंद असण्याची शक्यता आहे. मग सेट पूर्ण बदला, नवीन जागी लावा. काढलेली कॅन्युला उजेडात धरून बघा. वाकलेली असते, कधी टोकाला रक्त सुकलेलं असतं. रक्तातले कीटोन १.५ च्या वर असतील तर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर असतील किंवा उलट्या थांबत नसतील तर सरळ हॉस्पिटल.

म्हणून घरात लांब पल्ल्याचं इन्सुलिन, पेन किंवा सिरिंज, कीटोनच्या पट्ट्या आणि ग्लुकोमीटर कायम ठेवा. पंपातली सगळी सेटिंग्ज कागदावर लिहून किंवा फोटो काढून ठेवा. पंप रविवारी संध्याकाळी बंद पडला तर सोमवारपर्यंत इंजेक्शनवर कसं राहायचं, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. इंजेक्शनं येतात म्हणून पंप वापरता येतो. ज्या मुलाला पेन हातात धरता येत नाही त्याला मी पंप लावायला सुचवत नाही.

तिसरा, तुमच्याकडचा उन्हाळा. लातूरचा एप्रिल-मे मी वेगळा सांगायला नको. पंपातलं इन्सुलिन अंगाला लागून असतं आणि ३७ अंशांच्या वर ते खराब होऊ लागतं. मुलगा उन्हात क्रिकेट खेळत असेल, तर दोन दिवसांनी शुगर कारण नसताना चढलेली दिसेल. तेव्हा सेटिंग्ज बदलण्याआधी रिझर्व्हायर आणि इन्सुलिन बदलून बघा. पंप कपड्यांच्या आत, उन्हाच्या विरुद्ध बाजूला ठेवा. गाडीच्या डिकीत सामान ठेवू नका. वीज जाते तिथे फ्रिजवर भिस्त नको. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डब्यात बाटली ठेवली तरी चांगली राहते. घामाने चिकटपट्टी सुटते, तर लावायची जागा आंघोळीनंतर पूर्ण कोरडी करून, तेल-पावडर न लावता सेट बसवा आणि वरून जादा पट्टी लावा. विहिरीवर पोहायला जाणार असेल तर पंप काढून सावलीत ठेवा, पण तासाभरात परत लागला पाहिजे.

आता पैसे. तुमचा कर्जाचा प्रश्न इथे येतो.

पंपाची किंमत लाखांत आहे आणि लोकांचं लक्ष तिथेच अडकतं. खरा भार पुढचा आहे. गार्डियन ४ सेन्सर सात दिवस चालतो, म्हणजे महिन्याला चार ते पाच. साधा सेट दोन-तीन दिवसांनी बदलायचा, म्हणजे महिन्याला दहा ते पंधरा. सात दिवस चालणारा सेटही निघालाय, तुमच्या डीलरकडे मिळतो का विचारा. शिवाय रिझर्व्हायर, इन्सुलिन, कीटोनच्या पट्ट्या, साध्या शुगरच्या पट्ट्या, काही काळाने नवीन ट्रान्समीटर (सेन्सरचा आकडा पंपाला पाठवणारा भाग). एखादा सेन्सर लावतानाच फुकट जातो, तोही हिशेबात धरा. हा सगळा खर्च महिन्याला किती, ते लेखी मागा. मग स्वतःला विचारा: पुढची चार वर्षं, पाऊस नसलेल्या वर्षीसुद्धा, हे जमेल का?

हे इतकं स्पष्ट लिहितेय कारण मी जे पुन्हा पुन्हा बघते ते असं. कर्ज काढून पंप येतो. सुरुवातीचे महिने शुगर छान. मग सेन्सर एक आठवडा लावायचा, एक आठवडा नाही, असं सुरू होतं. सेन्सर नसला की ऑटो मोड नाही. राहतो तो साधा पंप, हप्ते मात्र ऑटोमॅटिकचे. पुढे सेट पाच-सहा दिवस ओढतात, जागा सुजते, गाठी येतात, इन्सुलिन शोषलं जात नाही आणि एचबीए१सी पुन्हा होतं तिथे. यात त्या आईबापांचा काहीही दोष नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये नाइस या संस्थेने टाइप १ साठी ही यंत्रं सरकारी आरोग्यसेवेतून द्यावीत अशी शिफारस केली. आपल्याकडे ती घरच्या खिशातून येतात, आणि आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी दर महिन्याच्या सामानाला हात लावत नाहीत. विमा असेल तर घेण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

महिन्याचा खर्च बसत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. इंजेक्शनवर राहून, महिन्यातून एखादा सेन्सर लावून, कार्ब्ज नीट मोजून, जेवणाआधी वेळेवर टोचून ८.९ वरून खाली येणारी मुलं आमच्याकडे आहेत. १९९३ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या डीसीसीटी अभ्यासाने दाखवलं की शुगर काटेकोर सांभाळली तर डोळे, किडनी आणि नसांचं नुकसान खूप कमी होतं. त्या वेळी असे पंप नव्हतेच. दिवसाला तीन-चार इंजेक्शनं किंवा साधा पंप, वारंवार तपासणी आणि शिकवलेला माणूस, एवढ्यावर ते साधलं. दिवसातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ शुगर ७० ते १८० मध्ये आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, हे लक्ष्य पंपावर आणि इंजेक्शनवर एकच आहे. पंपावर ते गाठणं सोपं जातं, हे खरं.

नातेवाईक परदेशातून पंप आणून देतो म्हणतात, तेही विचारलं जातं. टँडमचा पंप किंवा ऑम्निपॉड ५ अमेरिकेत भरपूर वापरतात आणि चांगले आहेत. पण त्याचे सेट, पॉड, सेन्सर दर महिन्याला लातूरला कोण पोचवणार, आणि बिघडला तर वॉरंटी कोण देणार? मामाच्या सुटीवर मुलाचं इन्सुलिन अवलंबून राहू नये. फोनवर स्वतः बसवायच्या मोफत प्रणालीही आहेत, अँड्रॉइडएपीएससारख्या. त्या मधुमेही माणसांनी आणि त्यांच्या पालकांनी मेहनतीने उभ्या केल्यात, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण पंप पहिल्यांदाच बघणाऱ्या घराने तिथून सुरुवात करू नये.

शाळेशी आधी बोला. वर्गशिक्षक, पीटीचे सर आणि मुख्याध्यापक यांना एकत्र बसवून दाखवा की कमरेला आहे तो मोबाइल नाही, काढून घ्यायचा नाही, आणि तो वाजला तर मुलाला बघू द्यायचं. डॉक्टरांचं पत्र द्या. सीबीएसईने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेला मधुमेही मुलांना खाण्याचं सामान नेऊ दिलं. तुमचं बोर्ड वेगळं असलं तरी अर्ज वेळेत केला तर परीक्षेतही सोय करून घेता येते. एमआरआय किंवा सीटी स्कॅन असेल तर पंप आणि सेन्सर काढून ठेवायचे, तेही लिहून द्या.

आता तुमच्यासाठी पुढची पायरी. निर्णय या महिन्यात घेऊ नका. आधी डॉक्टरांना सांगून दोन सेन्सर सलग लावा, इंजेक्शन चालू ठेवूनच. रात्री नेमकी कधी चढते, कधी उतरते ते दिसेल, आणि कदाचित नुसत्या वेळा बदलूनच बराच फरक पडेल. त्याच दिवसांत भाकरीचं पीठ तोला, दोन्ही वेळचं जेवण वहीत लिहा, आणि टोचल्यावर १५ मिनिटं थांबून जेवायची सवय लावा. हे तीन आठवडे टिकलं तर पंप तुमच्या घरात चालेल असं मी म्हणेन. नाही टिकलं तर पंपावरही हेच अडणार आहे, मग आधी आम्हा एज्युकेटर लोकांकडे येऊन तेवढं सुधारून घ्या.

त्यानंतर क्लिनिकला विचारा की पंप आठवडाभर लावून बघता येईल का, आत इन्सुलिनऐवजी सलाइन भरून. काही ठिकाणी ही सोय मिळते. मुलगा तो लावून झोपेल, शाळेत जाईल, खेळेल, आंघोळ करेल. नळी दाराच्या कडीत अडकेल, मित्र विचारतील. आठवड्याच्या शेवटी, तुम्ही आणि त्याचे बाबा काही बोलण्याआधी, त्यालाच विचारा की हे चोवीस तास अंगावर हवंय का. तो नको म्हणाला तर सहा महिने थांबून पुन्हा विचारा. हो म्हणाला, आणि महिन्याचा लेखी हिशेब तुमच्या उत्पन्नात बसत असेल, तर घ्या.